वच्छलेची दुसरी साक्षीदार

मागच्या उन्हाळ्यात हेमंतने 'चिचखेडा बालमित्र' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि मला न विचारता त्यात घातलं. हेमंत माझ्या वर्गातला. पांढुर्ण्याला त्याचं कापडाचं दुकान आहे, ते आता मुलगा बघतो, म्हणून याच्याजवळ वेळच वेळ. चिचखेड्याच्या मराठी शाळेतून त्र्याहत्तर साली पाचवी पास झालेले आम्ही एकतीस जण. बावन्न वर्षांनी त्या सगळ्यांना हुडकून काढायचं आणि शाळेच्या पटांगणात एकदा जेवण घालायचं, असं त्याच्या डोक्यात आलं होतं. महिन्याभरात त्याने एकोणीस जण गोळा केले. कोणी सौसरला निघाला, कोणी नागपूरला, एक तर थेट राजधानीत, भोपाळला. रोज सकाळी एकोणीस फुलांची चित्रं येऊ लागली.

एकोणीसच्या एकोणीस पुरुष. बाई मी एकटी. मी हेमंतला फोन लावला.

"मुली कुठं गेल्या रे? सात जणी होतो आम्ही."

"उर्मिलाताई, पोरींचा पत्ताच नाही लागून राहिला ना. लग्नात सगळ्यांचे नावं बदलले. माहेरचं नाव घेऊन इचारलं तं सासरचे म्हनते, अशी कोनी नाही आमच्या इथी."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरायचे, त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि मुलीने जुनं नाव माहेरी ठेवून जायचं. माझं तेवढं वाचलं, कारण माझे वडील त्याच शाळेत गुरुजी होते आणि त्यांना कागदाची किंमत ठाऊक होती. मांडवात ताट पुढे आलं तेव्हा ते म्हणाले, मार्कशीटवर उर्मिला आहे, उर्मिलाच राहील. सासरची माणसं वर्षभर फुगून होती. मी चौतीस वर्षं सौसरला शिक्षिका म्हणून नोकरी केली ती त्याच नावावर. म्हणून हेमंतचं बोलणं मला झोंबलं. एकोणीस बाप्ये सापडतात आणि सहा बाया सापडत नाहीत, हे काय उत्तर झालं? मी त्याला म्हटलं, मुली मी शोधते.

शोधायला मी आधी शाळेतच गेले. पाचवी झाल्यावर वडिलांची बदली लोधीखेड्याला झाली आणि आम्ही गाव सोडलं, त्यानंतर मी चिचखेड्याला दोनदाच गेले असेन. शाळेत आता चौदा मुलं उरली आहेत. वृषाली मॅडम नावाची तरुण मुख्याध्यापिका आहे. तिने लोखंडी कपाटातून शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदीचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं आणि माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"या महिन्यात हेच पान मागणाऱ्या तुम्ही दुसऱ्या," ती म्हणाली. "खैरीच्या एक आजी तीनदा येऊन गेल्या. पायी. शिक्का मारून झेरॉक्स नेली."

"नाव काय त्यांचं?"

"देवकाबाई."

देवकाबाई नावाची कोणी माझ्या वर्गात नव्हती. मी विचारलं, त्यांनी कोणती ओळ मागितली होती? वृषाली मॅडमने बोट ठेवलं. माझ्या वडिलांच्या अक्षरात तिथे लिहिलं होतं, वच्छला चिंधूजी, जन्मतारीख एक जुलै. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचा जन्म वडिलांनी एक जुलैलाच उरकला होता.

वच्छला मला लख्ख आठवत होती. चिंधूजींना एक मुलगा आणि ही एकच मुलगी, अंगाने दांडगी, पाढे म्हणताना झुलणारी. ती आणि गिरजा एकमेकींना कधी सोडायच्या नाहीत. गिरजा नाल्यापलीकडच्या खैरीची. खैरीला शाळा नव्हती, तिथली मुलं आमच्याच शाळेत येत. पावसाळ्यात नाला फुगला की वच्छला शाळा सोडून काठावर जायची आणि गिरजाला हाताला धरून आणायची. वडील दोघींना छड्या द्यायचे, उशीर झाला म्हणून.

मी त्याच दुपारी खैरीला गेले. मैलभराचं अंतर, आता नाल्यावर पूल आहे. देवकाबाईचं घर विचारलं तर एका बाईने पक्क्या घराच्या मागे बोट दाखवलं. मागे गुरांचा कोठा होता आणि कोठ्याला लागून टिनाची एक सपरी. सपरीत एक खाट, चूल, दोरीवर दोन लुगडी, आणि एक वाळलेली, वाकलेली बाई. दांडगेपणाचा मागमूस नव्हता. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गुरुजीसारखंच नाक हाये," ती म्हणाली. "उर्मिला होय का वं तू?"

मला रडू आलं आणि तिला हसू. मग तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला सगळं सांगितलं.

वच्छलेला मूलबाळ झालं नाही. नवरा चार वर्षांपूर्वी वारला. आजारपणात त्याचे अंगठे घेऊन दिराच्या पोरांनी घर-वावर आपल्या नावावर केलं आणि हिला सपरीत आणून टाकलं. आता त्यांना कोठा पाडून तिथे गाडी ठेवायला जागा करायची होती. दिवाळीपर्यंत निघ म्हणून सांगून झालं होतं.

"कुठं निघू? माह्या बापाचं घर हाये न चिचखेड्याले. सात खोल्यांचं. मले वावर नाही पाह्यजे, बगीचा नाही पाह्यजे. एक खोली पाह्यजे फक्त, मरेलोक."

भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला होता. घर भाच्याकडे, प्रफुल्लकडे. ती त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने तिला पायरीवरूनच परत पाठवलं. एक खोली दिली तर उद्या ही सगळ्यात वाटा मागेल, ही त्याची भीती. म्हणून तिने तहसीलला अर्ज केला की मी चिंधूजींची मुलगी, वारसात माझं नाव घ्या. प्रफुल्लने तिथे लिहून दिलं, आमची वच्छलाआत्या लहानपणीच वारली, ही देवकाबाई कोण ते आम्हाला ठाऊक नाही.

"त्याचं नाव मीच ठेवलं, उर्मिले," ती म्हणाली. "बारशाले पाळन्यात वाकून त्याच्या कानात प्रफुल्ल म्हून मीच सांगतलं. आत्याच ठेवते न नाव?"

तिच्या आधारकार्डावर, रेशनकार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे देवकाबाई. चिंधूजींची वच्छला फक्त शाळेच्या त्या एका पानावर. आणि ती वच्छला म्हणजेच ही देवका, हे सांगणारा कागद जगात कुठेच नव्हता, कारण ते तांदळात लिहिलेलं होतं. तहसीलच्या साहेबांनी सांगितलं होतं की हिला लहानपणापासून ओळखणारी दोन माणसं आणा, त्यांनी शपथेवर सांगितलं की काम होईल.

चिचखेड्यातलं म्हातारं-कोतारं सगळं हिला ओळखत होतं. पण गावातली संत्री मंडीला जातात ती प्रफुल्लच्या गाड्यांतून, आणि ऐन हंगामात गाडी आली नाही तर फळ झाडाखाली सडतं. तिच्यासाठी एकही तोंड उघडेना.

"एक साक्षीदार मी झाले," मी म्हटलं. "दुसरी काढू वर्गातलीच. गिरजा कुठे आहे? ती तर इथलीच ना?"

वच्छला उठली. चुलीकडे गेली, माझ्याकडे पाठ करून लाकडं सारत राहिली.

"गिरजा बाळंतपनात गेली," ती म्हणाली. "लय वर्सं झाली."

मी पर्समधून कागद काढला आणि सात नावांतल्या गिरजाच्या नावावर काट मारली.

उरल्या चौघी. त्यांच्या मागे मी पंधरा दिवस फिरले. मोहगावला गेले, बोरगावला गेले, पांढुर्ण्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कौसल्या बाविसाव्या वर्षी स्टोव्हने भाजून मेली होती. तिच्या सासरच्या दारात तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोने मला चहा दिला आणि स्टोव्हचं सांगताना आवाज खाली केला. मैना पांढुर्ण्याला सापडली. तिला लकवा मारून तीन वर्षं झाली होती. मी नाव सांगितलं तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि सोडेचना, पण तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. सुनेने बोटं एकेक करून सोडवली. बाकी दोघींच्या सासरची घरंच सापडली नाहीत. तीन-चार ठिकाणी मला विचारलं गेलं, तुमी माहेरचं नाव सांगून राहिल्या, इथलं सांगा न. इथलं नाव मला माहीत असतं तर मी कशाला उन्हात फिरले असते?

मग मी ग्रुपवर लिहिलं. वच्छलेची सगळी हकिगत लिहिली आणि विचारलं, एकोणीस जणांपैकी कोण येतो तहसीलला? तासाभरात सात जणांनी हात जोडल्याची खूण टाकली. एकाने रडका चेहरा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फुलं. हेमंतचा फोन आला.

"ताई, हे ग्रुपवर नको टाकत जाऊ. घरगुती मामला आहे. प्रफुल्लच मेळाव्याचं जेवन देऊन राहिला ना."

मला जे तोंडात आलं ते मी त्याला बोलले आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडले. त्यानंतर कोणाचाही फोन आला नाही.

शेवटी मी ठरवलं, प्रफुल्ललाच भेटायचं. चौतीस वर्षं पोरं वठणीवर आणलेली बाई मी, एका प्रफुल्लचं काय घेऊन बसलीस, असं मी स्वतःलाच सांगितलं. माझी अक्कल तेवढीच होती.

त्याच्या आंगणात संत्र्यांचा मोठा ढीग पडला होता. पाच-सहा बाया भोवती बसून फळं निवडत होत्या, मोठी एका क्रेटमध्ये, बारकी दुसऱ्यात. प्रफुल्ल खुर्ची टाकून बसला होता. चाळिशीचा, गोरटेला, वागायला नम्र. मला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मॅडम, तुमाले कोनीतरी भडकवून राहिलं," तो म्हणाला. "आत्या आमची लहानपनीच गेली. बाबा सांगत."

"मग तुमचं नाव कोणी ठेवलं?" मी विचारलं.

त्याने मोबाइल काढून त्यात पाहायला सुरुवात केली. तेवढ्यात संत्री निवडणाऱ्या बायांतली एक म्हातारी उठली. मघापासून ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. विटक्या, ठिगळाच्या पदराला हात पुसत ती जवळ आली.

"उर्मी वं? गुरुजीची उर्मी?"

मी ओळखलं नाही.

"मी गिरजा. खैरीची." आणि तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. "आता शकुबाई म्हनते मले. हे माहंच घर. हा माहाच पोरगा."

मला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. काट मारलेलं माणूस समोर उभं. मी तिला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर, तिच्या मुलासमोर, मोठ्याने म्हणाले, "अगं, तू तर गेलीस असं वच्छलाने मला सांगितलं!"

गिरजाचे हात माझ्या चेहऱ्यावरून खाली आले. आंगणातल्या बायांनी निवडणं थांबवलं. प्रफुल्लने मोबाइल खिशात ठेवला.

"आई, घरात जा," तो म्हणाला. "मॅडम, चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला नाही. बाहेर आले ती हवेतच चालत आले. गिरजा म्हणजे वच्छलेची सख्खी वहिनी, वर्गातली जिवाभावाची मैत्रीण, वर खुद्द प्रफुल्लची आई! यापेक्षा मोठी साक्षीदार कुठून आणणार होते मी? वच्छला माझ्याशी खोटं का बोलली, हा विचार त्या वेळी करायला हवा होता. मी केला नाही. सरळ सौसरला तहसीलला गेले. जिल्हा आता पांढुर्णा झाला, पाट्या बदलल्या, बाहेर टंकलेखकांची टेबलं मात्र जुनीच आहेत. एकाकडून अर्ज लिहून घेतला की वच्छला चिंधूजी हिची दुसरी साक्षीदार शकुबाई, पूर्वीची गिरजा, राहणार चिचखेडा, हिला बोलवावं. पोच घेतली आणि दुसऱ्या दिवशी खैरीला गेले.

वच्छला सपरीत तांदूळ निवडत होती. मी दारातूनच म्हणाले, "गिरजा जिवंत आहे. मला भेटली. तिचं नाव दिलं मी तहसीलला."

तिने हातातले तांदूळ सुपात टाकले. सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसली.

"कायले गेली वं तू तथी?" ती म्हणाली. "कोनं सांगतलं होतं तुले?"

"तू खोटं का बोललीस?"

"आमचं साटंलोटं हाये, उर्मिले."

म्हणजे या घरची मुलगी त्या घरी आणि त्या घरची या घरी. वच्छलेच्या भावाला गिरजा दिली आणि गिरजाच्या भावाला वच्छला. एका मांडवात, एका दिवशी, आणि तांदळाची ताटंही शेजारी शेजारी. गिरजाची शकुंतला झाली, वच्छलेची देवका. साटंलोटं मी ऐकून होते. गुरुजींच्या घरात, नोकरीच्या गावात वाढलेल्या बाईला ते ऐकूनच ठाऊक असतं. आत काय असतं ते त्या दिवशी वच्छलेने सांगितलं.

"पयल्या वर्सी इथं मले मारलं. मी माहेरी जाऊन मायजवळ रडली. माह्या भावानं आयकलं, घरात गेला अन् गिरजाले मारलं. म्हने, तुह्या भावानं माह्या बहिनीले मारलं तं हे घे. मंग गिरजा रडत इथं आली, तं तिच्या भावानं मले अजून हानलं. असं दोन वर्सं चाललं. मंग एक दिवस आमी दोघी नाल्यावर धुनं घेऊन भेटलो, अन् ठरवलं. कोनीच काही सांगायचं नाही. तिले मारलं तं ते म्हनन, पडली. मले मारलं तं मी म्हनन, पडली. तेव्हापासून दोघी पडतच राहिलो. माह्या पायी तिनं जे खाल्लं ते मले मालूम हाये. अजून कायले खाऊ घालू?"

"पण आता मारणारे दोघंही मेले ना?"

"मेले. पन गिरजा राह्यते कोनाच्या घरात? प्रफुल्लच्याच न?"

ती माझ्या पाया पडली. गिरजाचं नाव काढून घे म्हणाली. माझे पाय धरलेली ती माझ्याच वर्गातली बाई होती. पण त्या वेळी मी तिला समजावत बसले. काळ बदलला, म्हटलं. कायदा आहे, म्हटलं. आईला कोणी घराबाहेर काढतं का? साहेबांसमोर ती एक वाक्य बोलली की तुला खोली मिळेल. वच्छलेने मग सूप पुन्हा पुढे ओढलं. मी जायला निघाले तरी तिने मान वर केली नाही. आणि मी नाव काढून घेतलं नाही.

सुनावणीची पेशी मंगळवारी होती. साहेब म्हणजे नायब तहसीलदार, तरुण, बाहेरचे, हिंदी बोलणारे. माणूस सरळ होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी साक्ष आधी झाली. मी शपथेवर सांगितलं की ही वच्छला, मी हिच्यासोबत पाच वर्षं शिकले, रजिस्टरातलं अक्षर माझ्या वडिलांचं आहे. वच्छला भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. मग प्रफुल्ल आईला घेऊन आत आला. तिला साहेबांसमोर उभं केलं आणि स्वतः तिच्या मागे एका पावलावर उभा राहिला.

"माताजी, इन्हें पहचानती हैं?" साहेबांनी वच्छलेकडे बोट केलं.

गिरजाने वच्छलेकडे पाहिलंच नाही. टेबलावरच्या कागदांकडे पाहत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"ठीक से देखिए. आपकी ननद हैं?"

"नाही पहचानत."

साहेबांनी रजिस्टरची नक्कल पुढे ओढली. त्यांना ते पटलेलं नव्हतं, ते दिसत होतं. "यहाँ शाला में आपका भी नाम है, गिरजा, खैरी. इनका भी है. शपथ लेकर झूठ बोलना जुर्म है, माताजी. मैं गाँव में जाँच करवाऊँगा. सोचकर बोलिए."

माझ्या मनात आशा आली, हे मी कबूल करते. आता ही बोलेल, असं मला वाटलं. गिरजाने पदर डोक्यावर ओढला. तिने टेबलाची कड धरली. मागून प्रफुल्ल हळूच म्हणाला, "आई." एवढंच. तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि टेबलाची कड धरूनच ती खाली बसली. प्रफुल्लने तिला सावरलं.

तेव्हा वच्छला बाकावरून उठली.

"साहेब, तिले नका इचारू," ती म्हणाली. "ते बराबर म्हनून राहिली. आमची काही पहचान नाही. मी वच्छला नाही. वच्छला लहानपनीच मेली."

"वच्छला!" मी ओरडले.

"हे मॅडम चुकून राहिल्या. लय वर्सं झाली न, त्याईले याद नाही."

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. दोनदा विचारलं, कोणाचा दबाव आहे का? तिने दोनदा नाही म्हटलं. मग त्यांनी बाबूला लिहायला सांगितलं. अर्जदार स्वतःच म्हणते की मी ती नाही, तर पुढे काय करणार? बाबूने हिंदीत लिहिलं आणि कागद पुढे केला. माझ्या वडिलांनी हात धरून जिला वच्छला लिहायला शिकवलं होतं, तिने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली, देवकाबाई.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. तहसीलच्या आवारात, लोकांसमोर. पंधरा दिवस मी उन्हातान्हात फिरले ते कशासाठी? हातात आलेली खोली तू स्वतःच्या हाताने घालवलीस. साहेब चौकशी लावणार होते, गाव बोललं असतं. तुला कळतं का तू काय केलंस?

ती ऐकून घेत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "प्रफुल्लनं तिले काय सांगतलं असन ते मले मालूम हाये. हो म्हनली तं घरी येऊ नको. मंग ते कुठं गेली असती?"

"माहेरी गेली असती!"

"तिचं माहेर कोनतं, उर्मिले?"

तिचं माहेर खैरीचं. तेच घर, तीच दिराची पोरं, तोच कोठा. जिथून वच्छलेला दिवाळीला निघायचं होतं, तिथेच गिरजाने जायचं होतं.

"एकीले तं घर राहू दे," वच्छला म्हणाली.

"मग तू माझ्याकडे चल."

"किती दिवस?"

तिने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. आणि मी सुनेचं तोंड आठवत, आमच्या दोन खोल्यांतली कोणती जागा सांगावी याचा विचार करत उभी राहिले. त्या उभं राहण्याची मला लाज वाटते. तिने माझा हात थोपटला.

"राहू दे वं. तू लय केलं."

खैरीकडची ऑटो भरत आली होती. समोरून प्रफुल्लची गाडी फाटकातून बाहेर पडली. मागच्या सीटवर गिरजा बसली होती, काच वर. वच्छलेने गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग तिचा चेहरा जरा सैल झाला.

"साडी पाहिली का तिची?" ती मला म्हणाली. "नवी होती. म्हनजे बरं ठेवते पोरगं तिले."

मी पाहिली होती. घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. ती साडी तिला त्या सकाळी तहसीलला आणण्यापुरती नेसवली होती, आणि आंगणात संत्री निवडताना तिच्या अंगावर काय होतं तेही मी पाहिलं होतं.

"हो," मी म्हटलं. "बरं ठेवतो."

वच्छलेने समाधानाने मान हलवली आणि ऑटोत चढली.